आहारतक्ता लिहिणारा हात कुणाचा?

काशीमिऱ्याच्या विहारात रविवारी वंदना झाली की आम्ही तासभर बसतो. कुणाची जातपडताळणी अडकलेली असते, कुणाच्या पोराची शिष्यवृत्ती महाडीबीटीवर लटकलेली असते. अशाच एका रविवारी एक ताई हातात पत्रक घेऊन आली. वय पस्तिशीच्या आसपास. बारावी आर्ट्स, मग लग्न, मग मुक्त विद्यापीठातून बी.ए. मीरा रोडच्या टॉवरमध्ये तीन घरी स्वयंपाक करते. पत्रकावर छापलं होतं : "घरबसल्या डाएटिशियन बना, फक्त सहा महिन्यांत." फी अठ्ठावीस हजार, तीन हप्त्यांत. पहिला हप्ता तिने भरलाही होता. तिचा प्रश्न साधा होता. "दादा, हे सर्टिफिकेट दाखवून दवाखान्यात नोकरी लागेल ना?"

लागणार नाही. हे सांगायला दोन मिनिटं पुरली. पण तिला हे शिकावंसं का वाटलं, ते तिने जे सांगितलं त्यावर मी अजून विचार करतो आहे. ती ज्या घरात स्वयंपाक करते तिथल्या बाईंनी एका डाएटवाल्या मॅडमना पैसे भरले आहेत. मॅडम दर सोमवारी व्हॉट्सॲपवर तक्ता पाठवतात आणि ही ताई तो वाचून रांधते. "तक्ता ती लिहिते, रांधते मी. तिला एका तक्त्याचे जे मिळतात त्यात माझ्या घरचा महिन्याचा किराणा येतो. आणि दादा, तिच्या तक्त्यात ज्वारीची भाकरी आहे, नाचणीची आंबील आहे, शेवग्याचा पाला आहे. हे मला शिकवायला ती कोण?"

हा लेख त्या ताईसाठी आहे. आणि आपल्याच चळवळीतल्या त्या भावांसाठीही आहे, जे म्हणतात की डाएट हा श्रीमंत बायकांचा रिकामा उद्योग आहे, आपल्या पोरींनी त्यात का पडावं.

आधी बातमी सांगतो, कारण ती आपल्या वस्त्यांपर्यंत नीट पोचलेलीच नाही. २०२५च्या ऑगस्टमध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, सगळ्या विद्यापीठांना कळवलं की जुलै-ऑगस्ट २०२५च्या सत्रापासून आरोग्याशी संबंधित काही विषय दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने शिकवता येणार नाहीत. त्यात मानसशास्त्र आहे, सूक्ष्मजीवशास्त्र आहे, जैवतंत्रज्ञान आहे, आणि अन्न व पोषणशास्त्र, क्लिनिकल न्यूट्रिशन, डाएटेटिक्स हेही आहे. आधार दिला आहे तो २०२१च्या केंद्रीय कायद्याचा. त्या कायद्याने आहारतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, लॅब टेक्निशियन वगैरे व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग नेमला आणि नोंदणीची व्यवस्था आणली. ज्या विद्यापीठांना या विषयांची दूरस्थ मान्यता आधी मिळाली होती तीही त्या सत्रापासून काढून घेतली जाईल, असं यूजीसीने सांगून टाकलं.

थोडक्यात, घरी बसून, कामं करून, पोरं सांभाळून पोषणशास्त्राची पदवी घ्यायचा रस्ता बंद झाला.

त्या रस्त्याने कोण जात होतं हे जरा आठवा. इग्नू १९८५ साली निघालं, नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ साली. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे मुक्त विद्यापीठाचं ब्रीद. ती गंगा ज्या घरी पोचायची होती ती घरं म्हणजे आपलीच घरं. शाळा सुटलेल्या, लवकर लग्न झालेल्या, दिवसा काम करणाऱ्या बाया. शनिवार-रविवारी अभ्यासकेंद्रावर जाऊन, रात्री मुलं झोपल्यावर स्वाध्याय लिहून आपल्या कितीतरी आया-बहिणी पदवीधर झाल्या. इग्नूचे पोषणातले अभ्यासक्रम प्रमाणपत्रापासून एम.एस्सी.पर्यंत होते. बी.ए. करून थांबलेल्या, पगारदार नोकरी नसलेल्या बाईला आरोग्याच्या क्षेत्रात शिरायला तो एक उंबरठा होता.

म्हणून बातमी वाचल्यावर मी आधी चिडलो. नेहमीचाच खेळ, आपण रांगेत पोचलो की खिडकी बंद होते. चार ओळी लिहूनही झाल्या होत्या. मग थांबलो.

थांबलो ते एका साध्या गोष्टीमुळे. मूत्रपिंडाचा आजार असलेल्या माणसाला 'ताकद यावी' म्हणून घरचे नारळपाणी पाजतात. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असतं. किडनी निकामी होत चालली असेल तर ते पोटॅशियम रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. हे पुस्तकात एका ओळीत लिहिलेलं असतं. पण समोर खाटेवर पडलेल्या माणसाचा रिपोर्ट वाचून, त्याचं डायलिसिस कधी आहे हे विचारून, त्याची बायको घरात काय रांधते हे समजून घेऊन तक्ता करणं, हे वॉर्डात उभं राहिल्याशिवाय येत नाही. आणि अर्धवट शिकलेल्या हाताखाली पहिला सापडतो तो आपलाच पेशंट. टॉवरमधली बाई दुसऱ्या तज्ज्ञाकडे जाईल. पेणकरपाड्यातली बाई जो भेटेल त्याच्याकडे जाते.

त्यामुळे रुग्णालयातल्या आहारशास्त्राला प्रत्यक्ष प्रशिक्षण हवंच, ही अट मला मान्य आहे. काही मित्रांना हे आवडणार नाही. "बंदी मागे घ्या" एवढी एकच मागणी करून मोर्चा काढणं सोपं आहे. पण आपल्या पोरींच्या हातात असा कागद द्यायचा, जो दाखवल्यावर दवाखान्याचा मॅनेजर हसेल, ही मागणी मी करणार नाही. शिक्षणाचा आग्रह धरणाऱ्या चळवळीने दुय्यम कागदावर समाधान मानू नये.

पण म्हणून यूजीसीला मोकळं सोडता येत नाही. एक तर, गावात किंवा वस्तीत पोषणाचं भान वाढवणारं शिक्षण आणि आयसीयूतल्या पेशंटचा तक्ता करणं यांत फरक आहे. दोन्ही एकाच दोरीने बांधून टाकली. दुसरं, थिअरी घरी आणि प्रात्यक्षिक रुग्णालयात अशी सांगड घालता आली असती. तिसरं आणि सगळ्यात मोठं : एक दार बंद करताना दुसरं उघडायची जबाबदारी कुणी घेतली? परिपत्रकाने विद्यापीठांना सांगितलं की प्रवेश देऊ नका. त्या बाईने मग कुठे जायचं, हे कुणी सांगितलं नाही.

मीरा-भाईंदरहून बघा. २०११च्या जनगणनेत हे शहर आठ लाखांच्या वर गेलं होतं, आता किती झालं असेल ते रोजच्या गर्दीत दिसतंच. या भागातल्या मुलीला गृहविज्ञान आणि पोषण शिकायचं तर जुनी नावाजलेली नावं कोणती घेतली जातात? जुहूला एसएनडीटीचं गृहविज्ञान महाविद्यालय, माटुंग्याला बीएमएन, न्यू मरीन लाइन्सला निर्मला निकेतन. चांगल्या संस्था आहेत, तिथे शिकलेल्या बायांनी चांगलं काम केलेलं आहे. पण विरारहून भरून आलेल्या लोकलमध्ये मीरा रोडला चढून, पूर्णवेळ वर्ग करून, संध्याकाळी परत येणं अठरा वर्षांच्या मुलीला जमेल. ज्या बाईने सकाळी तीन घरी पोळ्या लाटायच्या आहेत, तिला नाही. आणि अठरा वर्षांच्या मुलीचंही काय होतं? दहावीनंतर सायन्सचे क्लास परवडत नाहीत म्हणून आपण तिला आर्ट्सला घालतो. तिथेच अर्धं दार लागतं. ते यूजीसीने लावलेलं नाही, ते आपण घरात लावतो.

आता थोडा हिशेब. २०२१च्या त्या कायद्यात आरोग्य व्यावसायिकाची व्याख्या आहे. किमान ३६०० तासांचं पदवी शिक्षण, तीन ते सहा वर्षांत विभागलेलं. सहा वर्षं हे कायद्यातच लिहिलेलं आहे. तेव्हा रोज तीन तास, वर्षाला दोनशे दिवस, म्हणजे सहाशे तास. सहा वर्षांत ३६०० भरतात. बाईने दिवसाचे तीन तास दिले तर कायद्याच्या व्याख्येतली पूर्ण तासांची पदवी तिला मिळू शकते, वर्गात बसून, वॉर्डात उभं राहून. पत्राद्वारे नाही, अर्धवट नाही. अडतं ते एवढ्यावरच की सकाळी सात ते दहा किंवा संध्याकाळी सहा ते नऊ वर्ग कुणी काढत नाही. पूर्णवेळ कॉलेजचं वेळापत्रक ज्यांच्या आया घरी डबा करून देतात त्यांच्यासाठी बनवलेलं असतं.

बाबासाहेबांनी हाच प्रश्न कसा सोडवला ते आपण दर १४ एप्रिलला ऐकतो आणि १५ तारखेला विसरतो. १९४५ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ला मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केलं. ते सकाळी भरायचं, कारण शिकायला येणारा मुलगा दिवसा नोकरी करणारा होता. बाबासाहेबांनी त्याला असं नाही सांगितलं की तू घरी बसून पुस्तकं वाच आणि परीक्षा दे. त्याच्यासाठी प्राध्यापक उभे केले, ग्रंथालय उभं केलं, आणि घड्याळ त्याच्या सोयीने फिरवलं. मुक्त विद्यापीठाने आपल्याला खूप दिलं, त्याचा मान ठेवूनच म्हणतो : दूरस्थ शिक्षण ही सरकारने आपल्याला दिलेली स्वस्त सोय होती. कॉलेज बांधायला नको, प्राध्यापक नेमायला नको, वसतिगृह नको. आपणही त्यावर खूश राहिलो. आता तीही काढून घेतल्यावर तीच परत मागायची, की सकाळचं कॉलेज मागायचं?

आता त्या भावांच्या प्रश्नाकडे येतो. "समाजाला कलेक्टर हवेत, वकील हवेत, प्राध्यापक हवेत. भाजीपाल्याचं शास्त्र शिकून काय मिळणार?"

भावा, महाडला १९२७ साली आपण कशासाठी गेलो होतो? तळ्याच्या पाण्यासाठी. माणसाच्या पोटात काय जातं, कुणाच्या हातचं जातं, कुणाच्या भांड्यातून जातं, यावर ही जातव्यवस्था उभी आहे. आणि आपण म्हणतो की पोटाचं शास्त्र बायकांचं, किरकोळ, आपल्याला त्याच्याशी काय करायचं आहे! ज्या खुर्चीवर बसून 'सकस' काय आणि 'निकस' काय ते ठरतं, त्या खुर्चीत आपलं माणूस नसेल तर आपलं ताट दुसरंच कुणी ठरवणार. मीरा-भाईंदरकरांना तरी हे वेगळं सांगायला नको.

२०१५ आठवा. मार्चमध्ये राज्यात गोवंश हत्याबंदीचा कायदा लागू झाला. सप्टेंबरमध्ये आमच्या महापालिकेने पर्युषणाच्या काळात आठ दिवस मांसविक्री बंद ठेवायचा निर्णय घेतला आणि त्यावरून राज्यभर रान पेटलं. जैन बांधवांनी उपास करावा, त्यांच्या तपाबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण एकाच्या उपासासाठी दुसऱ्याची चूल विझवायची हा कुठला धर्म? त्या वादात श्रद्धेवर बोलणारे होते, धंद्यावर बोलणारे होते, राजकारणावर तर सगळेच बोलले. पोषणावर अधिकाराने बोलणारा आपला माणूस मला तेव्हा कुठे दिसला नाही. या शहरात रोजंदारीवर जगणाऱ्या घरात प्रथिनं कुठून येतात, स्वस्तातलं लोह कुठून मिळतं, हे आकड्यांनिशी सांगणारा, ज्याच्या नावापुढे त्या विषयाची पदवी आहे असा. आपण घोषणा दिल्या. त्या द्यायलाच हव्या होत्या. पण घोषणेला उत्तर घोषणेने देता येतं, तक्त्याला उत्तर द्यायचं तर तक्ताच लागतो.

त्याच २०१५ साली शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' आलं. मराठवाड्यातल्या दलितांच्या खाण्याचं इतकं सविस्तर पुस्तक मराठीत दुसरं मी तरी पाहिलेलं नाही. नऊ वर्षांनी ते इंग्रजीत गेलं आणि मग इंग्रजी पेपरांना त्याचा शोध लागला, ते असो. पोषणशास्त्राच्या वर्गात हे पुस्तक कुणी वाचायला लावतं का? चान्या, वजडी, रक्ती, सुकट हे शब्द आहारतज्ज्ञाच्या तोंडी कधी आलेले तुम्ही ऐकलेत? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली देशातल्या ५२८ अन्नपदार्थांचे घटक मोजून कोष्टकं काढली. त्यात शेळीचं काळीजही आहे. म्हणजे शास्त्राला आपल्या ताटाचं वावडं नाही. वावडं आहे ते कोष्टक वाचून तक्ता लिहिणाऱ्याला.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, पाचवी फेरी, २०१९ ते २१. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४.२ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांमध्ये हा आकडा ६८.९ टक्के. शंभरातली एकोणसत्तर पोरं! आता अशा बाईला दवाखान्यात कागद मिळतो. त्यावर काय असतं? बीट, डाळिंब, खजूर, अंजीर. डाळिंबाचा भाव विचारला आहे का कुणी? मांसातलं लोह शरीर पालेभाजीतल्या लोहापेक्षा सहज शोषून घेतं, हे पोषणशास्त्राच्या पहिल्या वर्षाचं ज्ञान आहे. आमच्या उत्तनला बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळतो, मूठभर जवळ्यात चांगली प्रथिनं आणि कॅल्शियम असतं, आठवड्यातून एकदा पावशेर काळीज आणणं डाळिंबापेक्षा परवडतं. तो कागद लिहिणाऱ्याच्या घरात हे कधी शिजलेलंच नाही, मग त्याला सुचणार कुठून? पालेभाजीच खायची तर तिच्यावर लिंबू पिळा आणि जेवणावर लगेच चहा पिऊ नका, कारण चहा लोह अडवतो. एवढं तरी कागदावर लिहावं की नाही?

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो, नाहीतर कुणी म्हणेल की मग शिकायची गरजच काय, आपल्या आज्ज्यांना सगळं माहीत होतं. आज्ज्यांना पुष्कळ माहीत होतं, सगळं नाही. काळजात अ जीवनसत्त्व फार असतं आणि गरोदर बाईला ते अति झालं तर पोटातल्या बाळाला धोका असतो. म्हणून पोटुशी बाईला 'रोज काळीज खा' असं सांगणारा आपला अभिमानी कार्यकर्ताही तितकाच घातक. खारवलेला सुका मासा रक्तदाबाच्या पेशंटला जपूनच द्यायचा. आपल्या खाण्याचा अभिमान आणि त्याची मापं, दोन्ही ज्याच्याकडे आहे असं माणूस पाहिजे. ते माणूस सहा महिन्यांच्या घरबसल्या कोर्समधून तयार होत नाही.

शाळेतल्या अंड्याचंच घ्या. नोव्हेंबर २०२३मध्ये राज्य सरकारने ठरवलं की शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं, न खाणाऱ्याला केळं. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिनं. जानेवारी २०२५मध्ये सरकारने अंड्याचा निधी काढून घेतला. हवं तर लोकवर्गणीतून द्या म्हणाले. म्हणजे ज्या शाळेतले पालक वर्गणी देऊ शकतात तिथल्या पोरांना अंडं. त्यांना घरीही मिळतच होतं.

आणि ते अन्न रांधतं कोण? २० एप्रिल २००४च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मध्यान्ह भोजनासाठी स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती-जमातींना प्राधान्य द्या. फार मोलाचा आदेश होता तो, कारण सवर्णांच्या पोरांनी दलित बाईच्या हातचं खावं म्हणून न्यायालयाला सांगावं लागलं. तरी देशात ठिकठिकाणी त्या बायांच्या हातच्या अन्नावर बहिष्कार पडलाच. पण वीस वर्षांनंतर मला दुसरं काही खुपतं. चुलीपुढे आपल्याला प्राधान्य मिळालं. पातेल्यात काय पडायचं हे ठरवणाऱ्या टेबलापाशी आपण कुठे आहोत? माझ्यासमोर बसलेली ताई टॉवरमध्ये जे करत होती तेच हे. तक्ता ती लिहिते, रांधते मी.

आता कामाचं बोलू. या विषयात पोटापाण्याचं काय आहे? रुग्णालयातला आहारतज्ज्ञ हे एकच पद नाही. तीव्र कुपोषित मुलांसाठी जी पोषण पुनर्वसन केंद्रं असतात तिथे पोषण समुपदेशक लागतो. अंगणवाडीच्या योजनेत, जी १९७५ पासून चालू आहे, सेविकेच्या वर मुख्यसेविका आणि त्यावर बालविकास प्रकल्प अधिकारी. समाजकल्याणच्या वसतिगृहांत आपलीच पोरं काय खातात हे तपासणारं कुणी जाणतं माणूस असतं का, हा तर वेगळा लेख होईल. ज्यांनी त्या वसतिगृहातली डाळ खाल्ली आहे त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. खासगी दवाखान्यात सुरुवातीचा पगार काही डोळे दिपवणारा नसतो, हे आधीच सांगून ठेवतो. पुढे जायचं तर एम.एस्सी., रुग्णालयातली इंटर्नशिप आणि इंडियन डायटेटिक असोसिएशनची 'रजिस्टर्ड डाएटिशियन' परीक्षा, हा नावाजलेला मार्ग. नव्या कायद्याखालची नोंदणी जसजशी रुळेल तसं नोंदणी नसलेल्याला उभं राहणं अवघड होत जाणार. आज इन्स्टाग्रामवर पदवीशिवाय डाएट कोच म्हणून मिरवणाऱ्यांकडे तोवर पैसा जमलेला असेल, ते दुसरं काही काढतील. आपल्या पोरीकडे फक्त तो अठ्ठावीस हजारांचा कागद उरेल.

म्हणून ज्यांनी दूरस्थ पद्धतीने आधीच प्रवेश घेतला आहे त्यांनी आधी आपला प्रवेश कोणत्या सत्रातला आहे ते पाहावं. बंदी जुलै-ऑगस्ट २०२५ आणि त्यापुढच्या प्रवेशांवर आहे. त्याआधीचा रीतसर प्रवेश असेल तर घाबरून अभ्यास सोडू नका, पूर्ण करा. ज्यांना नव्याने कुणी 'युनिव्हर्सिटीशी संलग्न' म्हणून बोलावत असेल त्यांनी यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर त्या विद्यापीठाचं नाव, तो अभ्यासक्रम आणि ते सत्र अशा तिन्ही गोष्टी तपासाव्यात. विद्यापीठाला दूरस्थ अभ्यासक्रम फ्रँचायझी देऊन चालवता येत नाही, तेव्हा स्टेशनसमोरच्या पहिल्या मजल्यावरचा क्लास पदवी देतो म्हणाला तर तिथूनच मागे फिरा. छोटा प्रमाणपत्र कोर्स ज्ञानासाठी केला तर वाईट नाही. अंगणवाडीच्या ताईला, आशाताईला त्याचा उपयोग होतो. मात्र त्याने कुणी आहारतज्ज्ञ होत नाही. आणि ज्या घरात दहावीची मुलगी आहे त्या घराने हे सगळं आजच वाचावं. पूर्णवेळ पदवीला आपल्या मुलांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, तिचा अर्ज महाडीबीटीवर वेळेत भरावा लागतो, उत्पन्नाचा दाखला आधी काढून ठेवावा लागतो. आपण सप्टेंबरमध्ये जागे होतो.

त्या ताईच्या पहिल्या हप्त्याचं काय झालं ते सांगून टाकतो. क्लासवाल्याने आधी 'नॉन रिफंडेबल' म्हणून हात वर केले. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर लावून तक्रार नोंदवली आणि तिचा क्रमांक त्याला दाखवला, तेव्हा अर्धे पैसे परत आले. उरलेल्या अर्ध्यांसाठी ग्राहक आयोगात जायची तयारी चालू आहे. क्लासचं नाव इथे लिहीत नाही, कारण अशी दुकानं एक नाही, प्रत्येक स्टेशनबाहेर आहेत.

पुढचं काम हे. भाईंदर पश्चिमेला भारतरत्न पंडित भीमसेन जोशी रुग्णालय आहे, ज्याला आपण टेंबा म्हणतो. ते आपल्या करातून उभं राहिलं. तिथे आणि पालिकेच्या दवाखान्यांत आहारतज्ज्ञाची मंजूर पदं किती, भरलेली किती, कंत्राटी किती, आणि राखीव जागांवर कोण आहे, हे माहिती अधिकारात विचारायचं आहे. पालिकेच्या शाळांतल्या आहाराची तपासणी कोण करतो आणि त्याची पात्रता काय, हाही प्रश्न आहे. दुसरा अर्ज आहे तो मुंबई विद्यापीठ आणि एसएनडीटी या दोघांनाही : मीरा-भाईंदरमध्ये पोषणशास्त्राचे सकाळचे वर्ग काढावेत, प्रात्यक्षिकं टेंबा रुग्णालयात घ्यावीत, पदवी कायद्यानेच दिलेल्या सहा वर्षांच्या मुदतीत बसवावी. सोबत त्या ३६०० तासांचा हिशेब जोडला आहे. त्या अर्जावर अंगणवाडी सेविका, आशाताई, शालेय पोषण आहाराच्या स्वयंपाकिणी आणि घरकाम करणाऱ्या बायांच्या सह्या आधी घ्यायच्या, आपल्या पदाधिकाऱ्यांच्या नंतर.

दोन्ही मसुदे तयार आहेत. येत्या रविवारी वंदनेनंतर काशीमिऱ्याच्या विहारात या. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, तो येताना घेऊन या. उत्तर तीस दिवसांत यायला हवं, एकतिसाव्या दिवशी अपील टाकायचं आहे, तेव्हा तारीख लिहून ठेवणारं कुणीतरी हवं. ते काम त्या ताईने घेतलं आहे.